लुटणारे भाविकच होते: मध्ययुगातल्या पवित्र अवशेषांचा माग

बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या पदरी असलेल्या बिचीराजाने ती बांधवली. त्याच साली, एप्रिल महिन्यात, तिकडे कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, तीन दिवस लुटलं जात होतं. लुटणारे ख्रिस्ती, लुटले जाणारेही ख्रिस्ती, आणि मोहीम निघाली होती मुसलमानांच्या ताब्यातलं जेरुसलेम सोडवायला.

मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येऊन पडणाऱ्या इतिहासात ही घटना कुठेच बसत नाही. तिथलं मध्ययुग सोपं असतं. एक धर्म दुसऱ्यावर चालून गेला, देवळं-चर्चं-मशिदी फोडल्या, सोनं नेलं, संपलं. आपल्या सीमाभागात तर इतिहास रोज सकाळी चहाबरोबर उकळतो, आणि युरोप-अरबस्तानातले दाखले आणून इथल्या भांडणात टाकायची आता सवयच लागली आहे. ते दाखले टाकायचेच असतील तर निदान पुरते माहीत असावेत, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. पवित्र अवशेष, म्हणजे संतांची हाडं, वस्त्रं अशा पुजल्या जाणाऱ्या वस्तू, पळवणारा माणूस बहुतेक वेळा त्या अवशेषावर मनापासून श्रद्धा असलेला होता. श्रद्धा नसलेला माणूस हाड नेत नाही, हाडाभोवतीची चांदी नेतो. त्यामुळे एखाद्या लुटीत काय फोडलं, काय जपून नेलं आणि काय ओलीस ठेवलं, हे वेगवेगळं पाहिलं की त्या हिंसेमागचं कारण बरंचसं कळतं.

आधी मागणी कुठून आली ते पाहू. इसवी सन ७८७ मध्ये निकिया इथे भरलेल्या दुसऱ्या धर्मसभेच्या सातव्या नियमाने ठरवलं की अवशेषांशिवाय कुठल्याही चर्चचं पवित्रीकरण करायचं नाही. युरोपात तेव्हा नवी चर्चं उभी राहत होती आणि हुतात्म्यांची थडगी होती रोम, इजिप्त, सीरिया आणि आशिया मायनरात. विक्रीला तर ३८६ सालच्या रोमन कायद्यापासून बंदी होती. म्हणजे गरज सक्तीची, विकत घ्यायची सोय नाही आणि माल परमुलखात. मग उरले तीन मार्ग: भेट, शोध आणि चोरी. चोरीला एक सोयीचं समर्थनही मिळालं. संताला जायचं नसतं तर त्याने चमत्कार करून चोराला अडवलं असतं. ज्या अर्थी अडवलं नाही, त्या अर्थी त्याची संमती होती. फ्रान्समधल्या काँक मठाच्या एका साधूने आजाँ गावी जाऊन वर्षानुवर्षं तिथल्या मठात सेवा केली, विश्वास कमावला, आणि ८६६ च्या सुमारास संत फुआ या मुलीच्या अस्थी उचलून आणल्या. काँकच्या लोकांनी ही गोष्ट लपवली नाही, अभिमानाने लिहून ठेवली.

व्हेनिसची चोरी जास्त प्रसिद्ध आहे. ८२८ साली बुओनो आणि रुस्तिको या दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून संत मार्कचा देह आणला. कथेतला तपशील वाचण्यासारखा आहे. देहावरच्या रेशमी वस्त्राला पुढून मोहरा लावलेल्या होत्या. त्या तुटल्या तर लगेच बोभाटा झाला असता, म्हणून वस्त्र मागच्या बाजूने उभं फाडलं, मार्कचा देह बाहेर काढला आणि शेजारच्या संत क्लॉडियाचा देह आत सरकवला. मोहरा जशाच्या तशा राहिल्या. मग देह टोपलीत ठेवून वर डुकराचं मांस पसरलं, म्हणजे बंदरावरचे मुसलमान तपासनीस टोपलीत हात घालणार नाहीत. जहाजावर तो शिडाच्या कापडात गुंडाळला. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये हा प्रसंग सोनेरी मोझेइक चित्रात भिंतीवर दाखवलेला आहे, अगदी नाक मुरडणाऱ्या तपासनिसांसकट.

घाईत केलेल्या चोरीत माल अर्धवट येतो, याचं उदाहरण संत निकोलस. १०८७ साली इटलीतल्या बारी बंदराच्या खलाशांनी आशिया मायनरातल्या मायरा इथली त्याची कबर फोडली. १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईनंतर तो मुलूख सेल्जुक तुर्कांच्या दबावाखाली आलेला, तेव्हा ‘तुर्कांपासून वाचवतो’ ही सबब तयार होती. पण खरी शर्यत व्हेनिसच्या लोकांशी होती, तेही त्याच मागावर होते. बारीकरांनी मोठी हाडं उचलली आणि जहाज हाकारलं. व्हेनिसवाले ११०० च्या सुमारास पोचले आणि उरलेले तुकडे गोळा करून घेऊन गेले. नऊशे वर्षं दोन्ही गावं एकमेकांना खोटं पाडत राहिली. विसाव्या शतकात शरीररचनेच्या जाणकाराने दोन्हीकडची हाडं तपासली, तेव्हा ती एकमेकांना पूरक निघाली: बारीत मोठी हाडं, व्हेनिसमध्ये त्याच सांगाड्याला जुळणारे तुकडे.

अवशेष ओळखायचा कसा, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे, कारण हाडावर नाव लिहिलेलं नसतं. त्यासाठी चर्मपत्राची बोटभर पट्टी असे. तिच्यावर संताचं नाव लिहून ती दोऱ्याने हाडाला किंवा रेशमी पुरचुंडीला बांधत. पुरचुंडी कुपीत, कुपी करंडकात, करंडकावर बिशपची मोहर, आणि मठाच्या यादीत नोंद. सातव्या-आठव्या शतकातल्या अशा चिठ्ठ्या फ्रान्समधल्या शेल आणि सांस इथे आजही आहेत. लुटीत पहिली जाते ती चांदीची कुपी, वितळवायला. तिच्याबरोबर चिठ्ठी गेली की हाड अनाथ होतं, आणि अनाथ हाडाला कोणीही कुठलंही नाव देऊ शकतो. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची एकाहून जास्त मस्तकं युरोपात दाखवली जाऊ लागली ती अशीच. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला नोझाँच्या गिबेर या मठाधिपतीनेच चिडून विचारलं होतं की एका माणसाला दोन डोकी कशी?

नाव पटेना तर अग्निपरीक्षा घेत. पहिल्या क्रूसेडमध्ये, म्हणजे जेरुसलेम घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धात, १४ जून १०९८ ला अँटिऑक इथे येशूच्या कुशीत खुपसलेला भाला सापडल्याचं पीटर बार्थोलोम्यू या माणसाने जाहीर केलं. सैन्याला हुरूप आला, वेढा फुटला. पण शंका राहिलीच. पुढच्या वर्षी ८ एप्रिलला ऑलिव्हच्या वाळक्या फांद्यांचे दोन ढीग रचले, चार फूट उंच, तेरा फूट लांब, मध्ये फूटभर वाट. भाला घेऊन पीटर त्यातून चालत गेला आणि बारा दिवसांनी मेला. त्याच्या बाजूचे म्हणाले, आगीने नव्हे, बाहेर जमलेल्या गर्दीने अंगावर पडून त्याची हाडं मोडली. परीक्षेचा निकालसुद्धा ज्याने त्याने आपापल्या गटाप्रमाणे वाचला.

आता १२०४. ही लूट समजायची तर आधी हिशेब समजून घ्यावा लागतो. १२०१ मध्ये चौथ्या क्रूसेडच्या सरदारांनी व्हेनिसशी करार केला: ४,५०० सरदार, ९,००० ढालाईत, २०,००० पायदळ आणि ४,५०० घोडे समुद्रापार न्यायचे, भाडं ८५,००० चांदीचे मार्क. व्हेनिसने वर्षभर आपला व्यापार थांबवून जहाजं बांधली. प्रत्यक्षात ठरल्याच्या एक तृतीयांशच माणसं आली आणि ३४,००० मार्क कमी पडले. कर्ज फेडायचं म्हणून १२०२ च्या नोव्हेंबरात त्यांनी झारा हे ख्रिस्ती शहर व्हेनिसला जिंकून दिलं. मग कॉन्स्टँटिनोपलच्या परागंदा राजपुत्राने सांगितलं, मला गादीवर बसवा, २,००,००० मार्क देतो. बसवलं, त्याला पैसे उभे करता आले नाहीत, त्याचा खून झाला, आणि फौज तटाबाहेर उपाशी बसली. धर्माचं नाव होतंच, पण शिडी लावायला लावली ती थकबाकीने.

मार्च १२०४ मध्ये, हल्ल्याआधीच, लुटीची वाटणी लेखी ठरली. सगळा माल तीन चर्चमध्ये जमा करायचा, आधी व्हेनिसचं देणं फेडायचं, उरलेलं निम्मं-निम्मं. चर्चं लुटणार नाही, बायकांवर हात टाकणार नाही, अशा शपथा घेतल्या, त्याही पवित्र अवशेषांवर हात ठेवून. १२-१३ एप्रिलला शहर पडलं आणि त्या शपथांचं काय झालं ते निकेतास होनियातेस या तिथल्याच अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. हागिया सोफियाची वेदी फोडून तुकडे वाटून घेतले. माल वाहून न्यायला खेचरं थेट आत आणली; गुळगुळीत फरशीवर ती घसरून पडली. धर्मगुरूच्या आसनावर एका बाईला बसवून नाचवलं. तोच होनियातेस पुढे लिहितो की ११८७ मध्ये जेरुसलेम घेताना मुसलमान यांच्यापेक्षा दयेने वागले होते. शत्रूबद्दलची ही कबुली त्याने आपलं घर जळाल्यावर दिली आहे, हे लक्षात ठेवावं.

ब्राँझचे प्राचीन पुतळे मोडीत काढून नाणी पाडली. चार तांब्याचे मुलामा दिलेले घोडे तेवढे वाचले, कारण ते व्हेनिसला हवे होते. ते सान मार्कोच्या दर्शनी भागावर चढले, १७९७ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेले, १८१५ मध्ये परत आले. आता खरे घोडे आत संग्रहालयात आहेत आणि बाहेर प्रती. त्याच चर्चच्या कोपऱ्यात चार सम्राटांचं जांभळ्या दगडातलं शिल्प आहे, त्यातल्या एकाचा पाय पांढऱ्या दगडाने जोडलेला. तुटलेला मूळ पाय १९६० च्या दशकात इस्तंबूलच्या उत्खननात मिळाला. चोरीचा याहून स्वच्छ पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता या लुटीतला भाविक पाहा. आल्सासमधल्या पेरी मठाचा अधिपती मार्टिन पान्तोक्रातोरच्या चर्चमध्ये गेला. तिथे शिपाई सोनं-चांदी ओरबाडत होते. त्याला ते नको होतं. एका म्हाताऱ्या ग्रीक धर्मगुरूला गाठून तो ओरडला, अवशेष कुठे आहेत ते दाखव, नाहीतर मारून टाकीन. म्हाताऱ्याने विचार केला की शिपायांच्या रक्ताळलेल्या हातात पडण्यापेक्षा साधूच्या हातात गेलेलं बरं, आणि लोखंडी पेटी उघडली. मार्टिनने दोन्ही हात कोपरापर्यंत घातले, झग्याचा ओचा करून तो भरला आणि जहाज गाठलं. हे सगळं त्याच्याच मठातल्या गुंथरने कौतुकाने लिहिलं आहे. मार्टिनच्या दृष्टीने आपण पुण्य केलं होतं. सामान्य गुन्हेगारापेक्षा हा माणूस जास्त विचार करायला लावतो, कारण त्याला लाज वाटायचं कारणच सापडत नाही.

एवढा माल पश्चिमेकडे आल्यावर बाजार नासला. रोमला भरलेल्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने ६२ वा नियम केला: जुने अवशेष करंडकाबाहेर काढून दाखवायचे नाहीत, विकायचे नाहीत, आणि नवीन अवशेष पोपच्या परवानगीशिवाय पूजेला लावायचे नाहीत. तरीही वाट निघालीच, ती गहाणवटीची. १२०४ नंतर क्रूसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपलला स्वतःचे ‘लॅटिन’ सम्राट बसवले होते; त्यातला दुसरा बाल्डविन कंगाल झाला, तेव्हा येशूचा काटेरी मुकुट १३,१३४ सुवर्ण नाण्यांना व्हेनिसच्या व्यापाऱ्याकडे गहाण पडला. फ्रान्सच्या नवव्या लुईने तो १२३८-३९ मध्ये सोडवून घेतला. अवशेष विकणं पाप, पण गहाण सोडवणं पाप नाही. गावाकडे जमीन विकायची लाज वाटते म्हणून सावकाराच्या घशात घालतात, तसाच हा व्यवहार. लुईने त्यासाठी दोन डॉमिनिकन साधू पाठवले. पेटीवरच्या सरदारांच्या मोहरा मूळ पत्राशी ताडून पाहिल्या, मग पेटी हलली. मुकुट आणि त्याच्या जोडीच्या अवशेषांवर १,३५,००० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) खर्च झाल्याचं सांगतात. त्यांच्यासाठी बांधलेल्या सेंत-शापेल या काचेच्या देखण्या चर्चला ४०,०००. आज त्या मुकुटाला एकही काटा नाही, फक्त लव्हाळ्याचं कडं उरलं आहे. काटे भेटीदाखल वाटून संपले. १५ एप्रिल २०१९ च्या नोत्र-दामच्या आगीतून तो वाचवला गेला.

इस्लामी बाजूला अशा वेदीच्या नियमाची सक्ती नव्हती, त्यामुळे हाडांचा बाजारही तसा वाढला नाही. तिथे मान मिळाला तो केस, वस्त्र, पाऊलखूण, कुराणाची जुनी प्रत यांना. पण ओलीस ठेवण्याचा सर्वांत मोठा प्रसंग तिथलाच आहे. जानेवारी ९३० मध्ये हजच्या दिवसांत अबू ताहिर अल-जन्नाबी याच्या करामती फौजेने मक्केत कत्तल केली, प्रेतं झमझमच्या विहिरीत टाकली आणि काबाच्या कोपऱ्यातला काळा दगड उखडून पूर्व अरबस्तानात नेला. करामती हे शिया इस्माइली परंपरेतून फुटलेले लोक. जगाचा नवा काळ सुरू होणार आणि जुने विधी संपणार अशी त्यांची खात्री होती. जवळपास बावीस वर्षं दगड त्यांच्याकडे होता. यात्रेकरू त्या रिकाम्या खाचेला हात लावून पुढे जात. ९५१-५२ मध्ये तो मोठ्या रकमेच्या बदल्यात परत आला. एक हकिकत अशी की तो पोत्यात घालून कूफाच्या मशिदीत टाकला, सोबत चिठ्ठी: हुकमाने नेला, हुकमाने आणला. दगडाचे तुकडे झालेले आहेत आणि ते चांदीच्या चौकटीत बसवलेले आहेत. मात्र सगळा दोष करामत्यांवर टाकायलाही जागा नाही, कारण ६८३ च्या मक्केच्या वेढ्यात लागलेल्या आगीत तो तडकला होता आणि तेव्हाच मक्केवर सत्ता असलेल्या इब्न झुबैरने त्याला चांदीने बांधलं होतं. दोन्ही हल्ले मुसलमानांनीच केलेले.

सौदा नीट झाला तर काय होतं याचा नमुना ९४४ चा. कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बायझंटाइन साम्राज्याचा सेनापती जॉन कुरकुआस एडेसा, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं उर्फा, इथे येऊन थडकला आणि म्हणाला, येशूचा चेहरा उमटलेलं कापड द्या. बगदादला खलिफाने कायदेपंडितांना विचारलं. काहींनी हरकत घेतली की असं कापड ख्रिस्त्यांना देणं हा इस्लामचा कमीपणा. वृद्ध माजी वजीर अली इब्न ईसाने निवाडा दिला: कैदेतल्या मुसलमानांची सुटका कापडापेक्षा मोठी. २०० कैदी आणि १२,००० चांदीची नाणी घेऊन कापड दिलं गेलं. १५ ऑगस्टला ते कॉन्स्टँटिनोपलला पोचलं आणि तिथेच १२०४ पर्यंत राहिलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत शहाणा वाटतो तो हा म्हातारा वजीर.

उलटं उदाहरण ‘खऱ्या क्रूसा’चं, म्हणजे येशूला ज्यावर खिळलं त्याचा मानल्या जाणाऱ्या लाकडाचं. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या लढाईत जेरुसलेमच्या राजाचा क्रूस सलाउद्दीनच्या हाती लागला. त्याच ऑक्टोबरात जेरुसलेम पडलं, तेव्हा त्याने कत्तल टाळून माणशी दहा दिनार, बाईला पाच, मुलाला एक अशी सुटकेची खंडणी ठरवली. ज्यांना भरता आली नाही ते हजारो लोक गुलाम झाले, हेही सांगितलं पाहिजे. जुलै ११९१ मध्ये अक्का शहर इंग्लंडचा राजा रिचर्डने घेतलं, तेव्हा अटी ठरल्या: दोन लाख दिनार, ख्रिस्ती कैदी आणि क्रूस. मुदतीवरून घोळ झाला आणि २० ऑगस्टला रिचर्डने सुमारे २,७०० मुसलमान कैदी उघड्यावर मारले. क्रूस पुन्हा कधीच परत आला नाही.

फोडण्याचंही सांगतो. १००९ साली इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने जेरुसलेममधलं येशूच्या कबरीचं चर्च पाडलं, खडकात कोरलेली कबर कुदळींनी तोडली. तिथे काहीच न्यायचं नव्हतं. ती जागाच पुसायची होती. १०४८ पर्यंत बायझंटाइन सम्राटाच्या पैशाने चर्च पुन्हा उभं राहिलं. पण पन्नास वर्षांनी क्रूसेडवाल्यांच्या प्रचारात ही जखम ताजी म्हणूनच वापरली गेली. आणि त्याच क्रूसेडची पहिली मोठी कत्तल जेरुसलेमला नव्हे, १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या ज्यूंची झाली: श्पायर, वर्म्स, माइन्झ.

जेरुसलेमच्या १५ जुलै १०९९ च्या कत्तलीचे आकडे वाचताना सावध राहायला हवं. सत्तर हजार हा आकडा इब्न अल-अथीरचा, शतकाहून जास्त काळानंतरचा. त्या काळात पूर्वेकडे आलेल्या इब्न अल-अरबी या अंदालुसी विद्वानाने तीन हजार लिहिले आहेत. ‘रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत आलं’ हे वाक्य क्रूसेडबरोबर असलेल्या धर्मगुरूचं, पण ते बायबलच्या प्रकटीकरण ग्रंथातल्या चौदाव्या अध्यायातून उचललेलं आहे; त्याला मोजमाप सांगायचं नव्हतं, भविष्यवाणी खरी झाली असं सांगायचं होतं. आकडा कमी झाला म्हणून कत्तल लहान होत नाही. तीन हजार माणसं एका प्रार्थनास्थळात मारली गेली, एवढं पुरे आहे. पण सत्तर हजार पुढे पाठवणाऱ्याला आकडा कोणाचा आणि कधीचा हे विचारलंच पाहिजे.

त्या लुटीतली एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या अडगळीत सापडलेल्या कागदांत अस्कलॉनच्या ज्यू पुढाऱ्यांचं पत्र आहे. जेरुसलेममधून पकडलेली माणसं सोडवायला त्यांनी उसनवारी केली, आणि फ्रँकांकडून, म्हणजे क्रूसेडवाल्यांकडून, पुस्तकंही विकत परत घेतली: बायबलच्या २३० प्रती, इतर १०० ग्रंथ, तोराहच्या ८ गुंडाळ्या. पुढे अलेप्पोची प्रत म्हणून ओळखलं गेलेलं हिब्रू बायबलचं हस्तलिखितही याच लुटीतून सुटून कैरोला गेलं.

लुटलेल्या वस्तू धर्मही बदलतात. स्पेनमध्ये ९९७ साली कोर्दोबाचा मुसलमान सेनापती अल-मन्सूरने सांतियागो लुटलं, पण संत जेम्सच्या कबरीला हात लावला नाही. चर्चच्या घंटा मात्र ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला नेल्या आणि मशिदीत दिवे म्हणून टांगल्या. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्डिनांडने कोर्दोबा घेतलं आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या. अक्का १२९१ मध्ये मुसलमानांच्या हाती पडलं, तेव्हा तिथल्या चर्चचा संगमरवरी गॉथिक दरवाजा कैरोला गेला. सुलतान अन-नासिर मुहम्मदच्या मदरशाला तो आजही आहे. आणि फ्रान्समधल्या आप्त गावात ‘संत अ‍ॅनचं वस्त्र’ म्हणून शतकानुशतकं पुजलेलं कापड जवळून पाहिलं, तर ते इजिप्तच्या दमिएत्ता इथे १०९६-९७ च्या सुमारास विणलेलं तागाचं कापड आहे. त्यावर रेशीम आणि जरीचे पट्टे आहेत, आणि पट्ट्यांत अरबी अक्षरांत फातिमी खलिफा अल-मुस्तअली व वजीर अल-अफझल यांची नावं. हा अफझल म्हणजे क्रूसेडवाल्यांनी ज्याच्याकडून जेरुसलेम घेतलं तोच. ते कापड पुजणाऱ्यांना अक्षरं वाचता येत नव्हती. येत असती तरी त्यांनी ते टाकून दिलं असतं असं मला वाटत नाही.

आपल्या आसपास याच्या खुणा आहेत, आणि त्या पाहायला युरोपला जायला नको. मोहरमला आपल्या गावांतून पंजे निघतात, हिंदू घरांतली माणसंही खांदा देतात. ज्यांच्यासाठी हा शोक, त्या इमाम हुसेनचं मस्तक करबलाहून दमास्कसला नेलं. फातिमी परंपरेप्रमाणे ते अस्कलॉनला होतं आणि ११५३ मध्ये क्रूसेडवाले तिथे शिरताना कैरोला हलवलं. विजापूरच्या आसार महालात पैगंबरांच्या दाढीचे केस जपले आहेत. मुहम्मद आदिलशहाच्या काळातली ती इमारत आधी न्यायासाठी होती. काश्मीरच्या हजरतबलचा केससुद्धा विजापूरमार्गेच गेला अशी तिकडची परंपरा आहे: मदिनेहून १६३५ मध्ये विजापूरला, आदिलशाही बुडाल्यावर विपन्नावस्थेत एका काश्मिरी व्यापाऱ्याला दिलेला, औरंगजेबाने जप्त करून अजमेरला पाठवलेला, आणि १७०० च्या सुमारास श्रीनगरला पोचलेला. २७ डिसेंबर १९६३ ला तो गायब झाला, ४ जानेवारी १९६४ ला सापडला. दरम्यान आणि नंतर पूर्व पाकिस्तान आणि कलकत्त्यात दंगलीत माणसं मेली. म्हणजे ही सगळी मध्ययुगाची भानगड म्हणून हात झटकायला नको.

बेळगावच्या किल्ल्यातल्या सफा मशिदीत दोन खांबांवर नागरी लिपीतले कन्नड लेख आहेत, एक ११९९ चा रट्टांचा, दुसरा १२६१ चा यादव कृष्णाचा. अशा लेखावरून खांबाचं वय कळतं. तो पाडलेल्या इमारतीतून आणला, पडक्या इमारतीतून उचलला की विकत घेतला, हे खांब सांगत नाही. त्याला वेगळा कागद लागतो. सान मार्कोच्या चार सम्राटांबद्दल आपण खात्रीने बोलतो ते तुटलेला पाय इस्तंबूलला मिळाला म्हणून.

चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी सेंट झेवियरच्या शवाबरोबर ऑगस्टीनच्या मनोऱ्याचीही वाट धरावी. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म बदलायला नकार दिला म्हणून शहा अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझला तिला हाल करून मारलं. ऑगस्टीनियन साधूंनी तिच्या अस्थी गुपचूप काढल्या आणि त्यातला भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि दगडी पेटी ढिगाऱ्यात गेली. शोध लागला तो जुन्या पोर्तुगीज नोंदींमुळे: कुठल्या दालनात, कितव्या खिडकीपाशी, काळ्या दगडाची पेटी. उत्खननात मिळालेली हाडं हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत तपासली. एका हाडात यू१बी हा मातृवंशाचा गट निघाला, जो भारतात आढळत नाही आणि जॉर्जियात आढळतो. इतर हाडांत दक्षिण आशियातलेच गट मिळाले. म्हणजे ढिगाऱ्यात हाडं मिसळलेली होती, आणि नुसत्या श्रद्धेने उचललं असतं तर भलत्याच माणसाची पूजा झाली असती. जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला. न लुटता, न गहाण टाकता.